पुनवेला नांगर उचलणार

आमच्या घरात नांगराला नांगर म्हणत नाहीत, औत म्हणतात. कंग्राळीत बाकी घरोघर नांगर तो नांगर आणि कुळव तो कुळव. आमच्या गोठ्यात भिंतीला टेकून उभं असतं ते मात्र औत. सून नवी आली तेव्हा तिनं सासूला हळूच विचारलं होतं, नांगर म्हटलं तर काही अशुभ असतं का म्हणून. माझी बायको म्हणाली, "तसं काय न्हाय गं, मामंजींच्या तोंडी औतच हुतं, तेच चालत आलंय." तिला त्यापलीकडं काही ठाऊक नाही. ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि श्रावण आला की तो न उच्चारलेला शब्द मला घरभर ऐकू येत राहतो.

यंदा तर श्रावण दोन आहेत. आधी अधिक, मग निज. पंचांगाचा हिशेब चुकत आला की त्याला असा एक जादा महिना मिळतो आणि सगळं पुन्हा जागेवर बसतं. माणसाच्या बाबतीत अशी सोय कुणी केलेली नाही, याचं मला अलीकडं फार वाईट वाटतं. पहिल्या श्रावणाच्या शेवटी इंग्रज गेले आणि आमच्या शाळेवर नवा झेंडा चढला. मी गावचा मास्तर, म्हणून दोरी माझ्या हाती आली. पाऊस थांबला होता, वारा होता. झेंडा वर गेला, कापडानं वारा घेतला आणि दोरीला एक हिसका बसला. पोरं ओरडत होती, म्हातारी माणसं डोळे पुसत होती, आणि एवढ्या मोठ्या दिवशी मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचलो होतो. तो हिसका माझ्या हातांच्या ओळखीचा होता.

तो पहिल्यांदा बसला तेव्हा मी विशीत होतो. बेळगावात इंग्रजी शाळेच्या पायऱ्या झिजवून परत आलो होतो आणि शेतात राबत होतो. भाताची मळणी चालली होती. आभाळ भलत्या वेळी भरून आलं, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाताच्या राशीवर घालायला बाबलकडून एक जुनं शीड विकत घेतलं. बाबल हा सावंतवाडीकडचा गाडीवान. मीठ, नारळ, सुकी मासळी भरून आंबोलीचा घाट चढायचा, आणि उतरताना आमच्या गावचे बटाटे न्यायचा. शीड म्हणजे चांगलं जाडजूड कापड, ठिकठिकाणी ठिगळं, आणि वास असा की मांजरं गोळा झाली. आप्पांनी एक टोक धरलं, मी दुसरं. इतक्यात वारा आला. कापड फुगलं आणि मला खळ्याच्या कडेपर्यंत ओढत घेऊन गेलं. "सोड, सोड रं!" आप्पा हसत ओरडत होते. मी सोडलं नाही. पायाखालची जमीन सुटतेय आणि तरी आपण धरून आहोत, असं मला त्याआधी कधी झालं नव्हतं. आप्पा जवळ येऊन म्हणाले, "परशा, तू खलाशीच व्हायला पायजे हुतास लेका."

ते थट्टेत म्हणाले. मी मनावर घेतलं.

त्या उन्हाळ्यात मी त्यांच्या मागं लागलो. एक हंगाम, फक्त एक. नारळी पुनवेला समुद्र उघडतो तेव्हापासून शिमग्यापर्यंत गलबतावर राहीन, शीड कसं धरतात ते शिकेन, परत येईन. मग तुम्ही म्हणाल त्या पोरीच्या गळ्यात माळ घालीन. आईनं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र एक दिवस पेरणीची पाभर दुरुस्त करता करता वर न बघताच म्हणाले, "कुठं जायाचं ते तर ठरव आदी."

आणि आमच्या घरात तो पावसाळा सुरू झाला. मला वाटतं त्या घरात इतका आनंदाचा पावसाळा ना आधी झाला, ना नंतर. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. पण सोप्यात बसून भाजलेल्या शेंगा खात आम्ही बंदरं पारखत होतो, बाजारात बैल पारखावेत तशी. मी शाळेतला जुना नकाशा पोतं अंथरून त्यावर पसरायचो. निपाणीचे मामा आले की त्यांचा पक्ष मालवणचा. तंबाखूच्या व्यापारामुळं त्यांनी मुंबई पाहिलेली, त्यामुळं जगातलं सगळंच पाहिलंय अशा थाटात बोलायचे. "मालवणात समुद्रात किल्ला हाय. गलबत बुडाया लागलं तर किल्ल्यावर तरी चढंल त्यो," असा त्यांचा मुद्दा. आईनं गोवा ऐकूनच घेतला नाही. तिकडं फिरंग्याचं राज्य आणि दारू स्वस्त, विषय संपला. बाकी ठिकाणांबद्दल तिचा प्रश्न एकच असायचा, "तितलं प्यायाचं पाणी कसं हाय?" समुद्राकडं निघालेल्या मुलाला पाण्याची काळजी म्हणून आम्ही तिला हसायचो. आज वाटतं, सगळ्यांत शहाणा प्रश्न तिचाच होता.

माझं मन कारवारवर होतं. आमचे भूगोलाचे मास्तर तिकडचे. ते सांगायचे की तिथं डोंगराच्या कुशीत पाणी निवांत असतं, समोर बेटं आहेत, नवशिक्यानं शिकावं तर तिथंच. त्यांचा भाऊ कारवारच्या बंदरात नोकरीला होता, तो एखाद्या तांडेलाकडं शब्द टाकायला तयार होता. तांडेल म्हणजे गलबताचा म्होरक्या. घरात तिथं कोकणी बोलत असले तरी बाजारात, कचेरीत कानडी चालायचं, आणि कानडी आम्हा सगळ्यांना येतंच. मी आप्पांना हे सगळं पटवून दिलं. त्यांनी नीट ऐकलं. मग नकाशावर बोट न ठेवताच म्हणाले, "वेंगुर्लं."

"का पण, आप्पा?"

"बाबल्याच्या वळखीचा तांडेल हाय तितं. आन् आपली भाषा हाय. कुणी काय सांगिटलं तर कळंल तरी बाबा."

त्या वाक्यावर मी आजही अडतो. इतकं सरळ, इतकं बापाच्या काळजीचं वाक्य. वेंगुर्लं तर वेंगुर्लं. समुद्र काय, एकच असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि नकाशाची गुंडाळी केली.

आषाढात बाबल उतरताना तांडेलासाठी निरोप घेऊन गेला. इकडं आप्पांनी अंबाडीचा दोर वळायला घेतला. शिडाला दोर लागतो हे त्यांनी खळ्यावर पाहिलं होतं, आणि दुसऱ्याचा दोर मुलाच्या हातात का द्यायचा? पावसानं शेतात जाणं थांबलं की ते सोप्यात बसायचे, मांडीवर पीळ द्यायचे, मधूनच दोर ताणून मला म्हणायचे, "वढ रं, बघू." मी ओढायचो, ते ओढायचे. दोन धटिंगण माणसं सोप्यात रस्सीखेच खेळताहेत म्हणून आई ओरडायची. आप्पांच्या मांडीवरची कातडी त्या महिन्यात लाल झाली होती.

नागपंचमी होऊन गेली आणि बाबल नारळांची गाडी घेऊन आला. त्या दिवशी उघडीप होती. बैलही न सोडता त्यानं वाटेवरूनच हाक दिली, "आप्पानू, तुमच्या झिलाक सांगा, तांडेल पुनवेक नांगर उचलतलो! वाट बघता म्हणून सांगल्यान!" आणि बाजार गाठायचा म्हणून तसाच पुढं गेला.

झिलाक म्हणजे मुलाला, एवढं त्याचं बोलणं आम्हाला सरावाचं होतं. अडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तांडेल पुनवेला नांगर उचलणार. कोकणातली खलाशी माणसं पावसाळ्यात घरची भातशेती करतात हे बाबलनंच सांगितलेलं. म्हणजे बिचाऱ्याची नांगरट अजून चालू आहे. पुनवेला शेतातून नांगर उचलून घरी आणून टाकणार, की मग मोकळा. आमच्याकडं तरी नांगर उचलणं म्हणजे दुसरं काय असतं? आई म्हणाली, "एवड्या उशिरा नांगर?" आप्पा म्हणाले, "कोकणात पाऊस लई, उरकत नसंल." मग त्यांनी निकाल दिला. "कामाच्या घाईत कुणाच्या दारात पावणा जाऊ न्हाई. तेची मानसं चिखलात आन् ह्यो तितं पाटावर बसून जेवनार व्हय? पुनव होऊ दे, त्येस्नी पाठ टेकू दे, मग जा." मी मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. एका शेतकऱ्यानं दुसऱ्या शेतकऱ्याचा विचार केला होता, एवढंच.

पुनव घरीच झाली. आईनं नारळीभात केला, त्यात गूळ जरा जास्तच घातला. मामा निपाणीहून मुद्दाम आले. त्या दिवसांत मी शेताच्या बांधावरून चालतानाही गलबतावर असल्यासारखा तोल सावरत चालायचो. कुठलीही गोष्ट होण्याच्या अलीकडचे दिवस असे गोड असतात. पुनव उलटल्यावर जुना तांदूळ, दोराची वेटोळी आणि दोन धोतरं घेऊन मी निघालो. आप्पा वेशीपर्यंत आले. "तांडेलाला म्हणावं, दोर घरचा हाय," एवढंच बोलले.

घाट उतरताना धुकं होतं. वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं, आणि समुद्र मी प्रथम पाहिला तो त्या उन्हात. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. जे मला मिळालं नाही त्याचं वर्णन करायचा मला अधिकार वाटत नाही. किनाऱ्यावर एक बाई जाळं पसरत होती. तिला तांडेलाचं नाव सांगून घर विचारलं.

"तो खंय गावतलो आता? पुनवेकच गेलो. नांगर उचलल्यान आणि गेलो."

"व्हय, नांगरट झाली न्हवं त्येंची? शेत कुठल्या बाजूला हाय?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कसली नांगरट?" मग तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायला लागली. वाईट नव्हती बाई, पण हसू तिला आवरेना. पलीकडं वाळूत एक लोखंडी धूड पडलं होतं. दोन्ही बाजूंनी वाकलेले फाळ, वर कडी, कडीत साखळदंड. तिनं बोट दाखवलं. "ह्यो बघ नांगर. ह्यो पाण्यात टाकलो की गलबत ऱ्हवता, उचललो की जाता."

मी त्या नांगराजवळ जाऊन उभा राहिलो. फाळ आमच्याच नांगरासारखे होते, फक्त त्यांनी कधी काही नांगरलं नव्हतं. बंदरात मी दुसऱ्या तांडेलांकडं विचारून पाहिलं. सगळ्यांचे खलाशी पुनवेआधीच भरलेले. हंगाम सुरू झाल्यावर कोरा माणूस कोण घेणार? एक जण समजुतीनं म्हणाला, "आता फुडल्या पुनवेक ये, पण आदी ये." दूर कुठंतरी दोन-तीन शिडं दिसत होती, तीही बघता बघता दिसेनाशी झाली. मी वर्षभर थांबायला तयार होतो, हे मला नीट आठवतं. परत येताना घाटात मी पुढच्या श्रावणाचे बेत करत होतो.

पण घरी आलो तर आप्पा बांधावर बसले होते. अंगरखा काढलेला, मांडीवर दोराचे वळ अजून तसेच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दोराच्या वेटोळ्याकडं पाहिलं. "का रं? आलास?"

मला खरं सांगता आलं नाही. तुम्ही लावलेला शब्दाचा अर्थ चुकला, तुमच्या भलेपणानं माझं गलबत चुकलं, हे त्या मांडीकडं बघत कसं सांगणार? मी म्हणालो, "मला समुद्र मानवला न्हाय, आप्पा. पोटात ढवळाय लागलं."

ते खो खो हसले. "कंग्राळीची हाडं ती! चिखलातच बरी." दिवाळीपर्यंत त्यांनी गावभर माझी थट्टा केली. ओढा ओलांडायचा असला की विचारायचे, "ढवळतंय का रं पोटात?" मीही हसायचो. दोरानं पुढं आम्ही म्हैस बांधली. चांगला दोर, कैक वर्षं टिकला.

दिवाळीनंतर थट्टा बंद झाली. मला वाटलं, कंटाळले. त्याच सुमाराला त्यांच्या तोंडातून नांगर हा शब्दही गेला आणि औत आलं. ते माझ्या कानाला जाणवलं होतं, पण माणूस वयानं शब्द बदलतो, त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

पुढच्या श्रावणात बाबल नारळ घेऊन आला, तेव्हा आप्पा मला म्हणाले, "बाबल्या चाललाय परत. वेंगुर्ल्याला कुणाला काय निरोप द्यायचा हाय का?" मी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, जुनी थट्टा पुन्हा निघाली. आणि समुद्र मानवत नाही असं तोंडानं सांगितलेला माणूस आता कोणत्या तोंडानं मागणार? मी म्हणालो, "न्हाय." पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. त्याच्या पुढच्या श्रावणातही त्यांनी विचारलं, त्याच्याही पुढच्या. मी शाळेत मास्तर झालो, पोरांना बंदरांची नावं पाठ करून घेऊ लागलो, मुलं झाली, आणि तरी दर श्रावणात बाबलची गाडी निघाली की सोप्यातून आवाज यायचा, "निरोप द्यायचा हाय का?" आणि मी आतूनच उत्तर द्यायचो. कधी कधी तर मला रागही यायचा. एकच विनोद माणसानं किती वर्षं करावा?

एकदा वर्गात कारवारचं बंदर शिकवत होतो. आमच्या शाळेत निम्मी पोरं घरात कानडी बोलतात, म्हणून शब्द दोन्हीकडून सांगावे लागतात. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, गलबताच्या नांगराला कानडीत काय म्हणतात?" मी म्हणालो, "लंगरु." आणि शेतातल्या? नेगिलु. खडू हातात घेऊन मी फळ्यासमोर तसाच उभा राहिलो. कानडीत ते दोन शब्द आहेत. कारवार ठरलं असतं, मास्तरांच्या भावाचा निरोप कानडीत आला असता, तर त्यात लंगरु आला असता. आप्पांनी विचारलं असतं, लंगरु म्हणजे काय रं? आणि कुणीतरी सांगितलं असतं. परका शब्द माणूस विचारून घेतो. आपल्या भाषेत सगळं कळेल म्हणून आम्ही वेंगुर्लं निवडलं, आणि आपलाच शब्द असल्यामुळं कुणाला काही विचारावंसंच वाटलं नाही.

आप्पा गेले ते श्रावणातच. शेवटी शेवटी ते सोप्यात घोंगड्यावर पडून असायचे. एका दुपारी मी शाळेतून येऊन त्यांच्याजवळ बसलो होतो. बाहेर ऊन-पाऊस चालला होता.

"पुनव कवा हाय रं?"

"परवा."

"म्हंजे तुजा तांडेल परवा नांगर उचलणार," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडी तो शब्द आला. मी विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"त्याच दिवाळीत. मी बाबल्याला म्हटलं, परशाला समुद्र मानवला न्हाय बग. त्यो म्हणला, समुद्रावर गेलाच कुठं त्यो? पुनव चुकली त्येची. मग गलबताचा नांगर म्हंजे काय, त्येबी त्येनंच सांगिटलं."

"मग बोलला का न्हाईसा, आप्पा?"

"बोललो की. दर साली इचारलं तुला, निरोप द्यायचा हाय का म्हणून." त्यांना धाप लागली. थांबून म्हणाले, "तू न्हाय म्हणायचास. मला वाटायचं, पोराचा राग अजून गेला न्हाय."

मी त्यांची मांडी चेपत बसलो. राग नव्हता आप्पा, एवढं तरी मी मोठ्यानं म्हणालो का, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. म्हणालो असेन, असं धरून चालतो. त्यांना दुखू नये म्हणून मी खोटं बोललो आणि मला लाज वाटू नये म्हणून ते आडून विचारत राहिले. इतकी माया एका घरात असून समुद्र घाटाखाली तसाच राहिला. कुणी एकानं जरा कमी जपलं असतं, चारचौघांसारखं भांडण केलं असतं, तर पुढच्याच पुनवेला मी गलबतावर असतो.

आता निज श्रावण लागला आहे. बाबल मागंच गेला. नारळ हल्ली मालमोटारीनं येतात. परवा अशीच एक मोटार गावात बटाटे भरून घ्यायला थांबली होती. ड्रायव्हर तिकडचाच, तरणा, बोलका. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. गाडी चालू करता करता त्यानं सहज विचारलं, "गुरुजी, वेंगुर्ल्याक जातंय. कोणाक काय सांगूचा आसा?"

"हाय," मी म्हणालो.

त्यानं यंत्र बंद केलं आणि माझ्याकडं बघत थांबला. काय सांगायचं ते मात्र मला आठवेना.